सर्व्हर बंद न करता त्याची ताकद वाढवता येते का?

मोखाडा : खोडाळा, सूर्यमाळ किंवा वाशाळ्याच्या पाड्यावरून तालुक्याच्या गावी दाखल्यासाठी आलेल्या माणसाला 'सर्व्हर डाऊन' हे दोन शब्द आता नवे राहिलेले नाहीत. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, सातबारा, शिधापत्रिकेतील दुरुस्ती, पीक विम्याचा अर्ज ही सारी कामे गेल्या दीड-दोन दशकांत कागदावरून संगणकाच्या पडद्यावर आली. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. त्याआधी, २०१५ मध्ये, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आला आणि ठरलेल्या मुदतीत सेवा मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरला. मात्र हा हक्क बजावण्याची वाट एका सर्व्हरमधून जाते आणि तो सर्व्हर मोखाड्यात नसतो, पालघरलाही नसतो. तो मुंबई, पुणे किंवा आणखी दूरच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये असतो.

अडचण अशी, की सरकारी मुदती साऱ्या राज्याला एकाच दिवशी लागू होतात. जूनमध्ये शाळा-महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले की दाखल्यांची गर्दी उसळते. खरिपाच्या विम्याची मुदत संपत आली की सेवा केंद्रांवर रांगा लागतात. अशा दिवशी मोखाड्याच्या केंद्रातला अर्ज आणि पुण्याच्या सदनिकेतून भरलेला अर्ज एकाच रांगेत उभे असतात. फरक एवढाच, की पुण्याचा अर्जदार मध्यरात्री संकेतस्थळ मोकळे झाल्यावर पुन्हा प्रयत्न करू शकतो. पाड्यावरच्या माणसाला शेवटची एसटी गाठायची असते. त्याचे बसभाडे गेलेले असते, दिवसाची मजुरी बुडालेली असते.

अशा वेळी डेटा सेंटरमधील तंत्रज्ञापुढे एक प्रश्न असतो. सर्व्हरवर ताण आला आहे, त्याला अधिक प्रोसेसर हवे आहेत. पण त्यासाठी तो बंद करून पुन्हा सुरू केला, तर त्या क्षणी अर्ज भरत असलेले हजारो लोक बाहेर फेकले जातील. तो सुरू असतानाच प्रोसेसर वाढवता येतील का? उत्तर 'होय' असे आहे. पण त्या 'होय'ला बऱ्याच अटी आहेत.

एका यंत्रात अनेक यंत्रे

पूर्वी सर्व्हर म्हणजे एक पेटी असे. प्रोसेसर वाढवायचा म्हणजे पेटी बंद करायची, झाकण उघडायचे आणि सुटा भाग बसवायचा. आजचा सर्व्हर बहुधा 'व्हर्च्युअल मशीन', म्हणजे आभासी संगणक असतो. एका मोठ्या यंत्रावर हायपरव्हायजर नावाची प्रणाली बसवलेली असते. ती त्या यंत्राचे प्रोसेसर, स्मृती आणि साठवण यांची वाटणी करून अनेक आभासी संगणक चालवते. प्रत्येक आभासी संगणकाला आपण स्वतंत्र यंत्र आहोत असेच वाटते. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी, त्यावरील कामे वेगळी.

ही कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९६७ मध्ये सीपी-६७ या प्रणालीत आणि पुढे १९७२ मध्ये व्हीएम/३७० मध्ये मोठ्या संगणकाची अशी विभागणी करून दाखवली होती. आभासी संगणकासाठी मूळ प्रोसेसरमध्ये कोणते गुण असावे लागतात, याची मांडणी पोपेक आणि गोल्डबर्ग या संशोधकांनी १९७४ मध्ये केली. स्वस्त, सर्वसाधारण संगणकांवर हे तंत्र यायला मात्र नव्वदीचे दशक संपावे लागले. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने पुढच्याच वर्षी आपले पहिले उत्पादन बाजारात आणले. केंब्रिज विद्यापीठातून २००३ मध्ये झेन आले. इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच या तंत्राला आधार दिला. २००७ मध्ये केव्हीएम हा हायपरव्हायजर थेट लिनक्सच्या गाभ्यात सामील झाला.

भारतात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजेच एनआयसीने, 'मेघराज' उपक्रमाखाली फेब्रुवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय क्लाऊड सुरू केला. एनआयसीच्या राष्ट्रीय डेटा सेंटरांपैकी एक पुण्यात आहे. जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने सार्वजनिक क्लाऊडचे धोरण जाहीर केले. क्लाऊड हा शब्द कितीही हवेतला वाटला, तरी त्याच्या तळाशी हीच आभासी यंत्रे असतात.

आभासी प्रोसेसर म्हणजे खरा प्रोसेसर नव्हे. खऱ्या प्रोसेसरच्या एखाद्या कोअरवर आळीपाळीने काम करण्याचा तो हक्क आहे. ३२ कोअर असलेल्या यंत्रावर मिळून ८० आभासी प्रोसेसर वाटलेले असू शकतात, कारण सर्वांना एकाच वेळी काम नसते. ही वाटणी कागदावरची असल्यामुळेच ती चालू यंत्रात बदलणे शक्य होते. तिथे झाकण उघडावे लागत नाही.

संख्या वेगळी, वाटा वेगळा

'प्रोसेसरची सेटिंग बदलणे' या एका वाक्प्रयोगात दोन निरनिराळ्या गोष्टी येतात. त्यांची गल्लत झाली, की चुकीचा उपाय केला जातो.

पहिली गोष्ट वाट्याची. आभासी संगणकाकडे चार प्रोसेसर आहेत, ते चारच राहणार. पण गर्दीच्या वेळी खऱ्या कोअरवरील किती वेळ त्याच्या पदरी पडावा, हे बदलायचे आहे. यासाठी तीन साधने असतात. भारांक, किमान राखीव वाटा आणि कमाल मर्यादा. व्हीएमवेअरमध्ये प्रत्येक आभासी प्रोसेसरमागे भारांक 'कमी'साठी ५००, 'सामान्य'साठी १००० आणि 'जास्त'साठी २००० असा ठरलेला आहे. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये मूळ भारांक १०० असतो, झेनमध्ये २५६. हे आकडे परस्परांशी तुलना करण्यापुरतेच असतात. एकाचा भारांक दुसऱ्याच्या दुप्पट असेल, तर ओढाताणीच्या वेळी पहिल्याला दुप्पट वेळ मिळतो. ओढाताण नसेल तर भारांकाला काही अर्थ उरत नाही.

कमाल मर्यादेचे तसे नाही. ती यंत्र मोकळे असतानाही लागू होते. केव्हीएममध्ये सर्वसाधारणपणे १०० मिलिसेकंदांचा एक कालखंड धरतात. एका आभासी प्रोसेसरला ५० मिलिसेकंदांची मर्यादा घातली, तर प्रत्येक कालखंडात निम्मा वेळ तो थांबून राहतो, शेजारचे कोअर रिकामे असले तरीही. कधी काळी चाचणीसाठी घातलेली अशी मर्यादा काढायची राहून गेलेली असणे, हे 'सर्व्हर मंद' असण्याचे ठराविक कारणांपैकी एक आहे. ती मर्यादा चालू यंत्रात क्षणात उठवता येते.

यांपैकी भारांक आणि कमाल मर्यादा हे आकडे व्हीएमवेअर, हायपर-व्ही, झेन आणि केव्हीएम या चारही प्रणालींत यंत्र सुरू असताना बदलता येतात. बदल हायपरव्हायजरच्या पातळीवर होतो. आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमला त्याची खबरही लागत नाही. म्हणूनच हा बदल सर्वांत कमी धोक्याचा आणि पहिल्यांदा करून पाहण्याजोगा.

दुसरी गोष्ट संख्येची. चाराचे आठ प्रोसेसर करायचे आहेत. येथे आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमला विश्वासात घ्यावे लागते. यालाच 'हॉट अ‍ॅड' किंवा 'हॉट प्लग' म्हणतात.

चालू यंत्रात प्रोसेसर येतो कसा?

जव्हार-मोखाड्याच्या खाचरात आवणी सुरू आहे. चार माणसे ओळीने रोपे लावत आहेत. आणखी दोघे आले, तर काम थांबवावे लागत नाही. पण ते बांधावर येऊन उभे राहिले म्हणून आवणी आपोआप वेगाने होत नाही. कोणीतरी त्यांना पाहावे लागते, ओळीत जागा द्यावी लागते, त्यांच्या हाती रोपांच्या मुठी द्याव्या लागतात. आभासी प्रोसेसरचेही नेमके असेच तीन टप्पे असतात.

पहिल्या टप्प्यात हायपरव्हायजर नवा आभासी प्रोसेसर तयार करतो आणि यंत्रातील भागांची माहिती देणाऱ्या 'एसीपीआय' या यंत्रणेमार्फत आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमला सूचना पाठवतो. दुसऱ्या टप्प्यात ऑपरेटिंग सिस्टीम नव्या प्रोसेसरची नोंद करते, त्याच्यासाठी स्मृतीत जागा राखते आणि त्याला कामावर रुजू करून घेते. तिसऱ्या टप्प्यात कामाचे वेळापत्रक सांभाळणारा तिचा भाग रांगेतील काही कामे नव्या प्रोसेसरकडे वळवतो. सारे सुरळीत असेल तर ही प्रक्रिया काही सेकंदांत आटोपते.

लिनक्समध्ये दुसरा टप्पा कधीकधी अडतो. नवा प्रोसेसर दिसतो, पण 'ऑफलाइन' राहतो. तो आपोआप रुजू करण्याचा नियम आधी लिहून ठेवलेला नसेल, तर तंत्रज्ञाला तो हाताने चालू करावा लागतो. बाहेरच्या पडद्यावर आठ प्रोसेसर दिसतात, आत मात्र चारच राबत असतात.

विंडोजमध्ये प्रश्न आवृत्तीचा होता. विंडोज सर्व्हर २००८ मध्ये चालू यंत्रात प्रोसेसर स्वीकारण्याची सोय डेटासेंटर आवृत्तीत होती. स्टँडर्ड आवृत्तीत नव्हती.

कोणत्या प्रणालीत काय चालते?

हे तंत्र आधी महागड्या यंत्रांवर रुळले. आयबीएमच्या पॉवर-४ प्रोसेसरच्या यंत्रांवर, एआयएक्स ५.२ या प्रणालीसह, २००२ मध्ये चालू विभागात प्रोसेसर वाढवणे आणि कमी करणे दोन्ही शक्य झाले होते. सर्वसाधारण सर्व्हरवर व्हीएमवेअरने ही सोय २००९ मध्ये व्हीस्फिअर ४ या आवृत्तीत आणली.

व्हीएमवेअरची मुख्य अट अशी, की 'सीपीयू हॉट अ‍ॅड'ची खूण यंत्र बंद असतानाच करून ठेवावी लागते. गर्दीच्या दिवशी ती आठवून उपयोग नाही, कारण खूण करण्यासाठीच यंत्र बंद करावे लागेल. शिवाय वाढ सुटी-सुटी करता येत नाही. आभासी सॉकेटमागे दोन कोअर धरले असतील, तर वाढही दोनाच्या पटीत करावी लागते. चाराचे सहा होतील, आठ होतील. पाच होणार नाहीत. सॉकेटमागील कोअरची संख्या तर चालू यंत्रात बदलताच येत नाही. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे, प्रोसेसर वाढवताना थेट जोडलेली यूएसबी साधने क्षणभर तुटून पुन्हा जोडली जातात. डिजिटल स्वाक्षरीची किंवा परवान्याची यूएसबी कळ सर्व्हरला लावलेली असेल, तर हे आधी माहीत असलेले बरे.

केव्हीएममध्ये यंत्र सुरू करताना दोन आकडे द्यावे लागतात. आजचे प्रोसेसर किती आणि जास्तीत जास्त किती होऊ शकतील. आज चार आणि कमाल सोळा असे लिहिले असेल, तर मधला कोणताही टप्पा चालू यंत्रात गाठता येतो. दोन्ही आकडे चारच लिहिले असतील, तर दार बंद झाले.

हायपर-व्हीचा मार्ग वेगळा आहे. विंडोज सर्व्हर २०१६ पासून तेथे चालू यंत्राची स्मृती कमी-जास्त करता येते. प्रोसेसरचे भारांक, राखीव वाटा आणि मर्यादाही बदलता येतात. प्रोसेसरची संख्या मात्र विंडोज सर्व्हर २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत यंत्र बंद केल्याशिवाय बदलता येत नाही.

प्रयोग करून पाहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी व्हर्च्युअलबॉक्समध्येही ही सोय २०१० च्या ३.२ या आवृत्तीपासून आहे. घरच्या संगणकावर लिनक्स चालवून प्रोसेसर वाढवण्याचा आणि कमी करण्याचा सराव तेथे करता येतो.

सार्वजनिक क्लाऊडबाबत बराच गैरसमज आढळतो. क्लाऊड म्हणजे हवी तेव्हा हवी तेवढी ताकद, असे सांगितले जाते. ते खरे आहे, पण चालू यंत्राबाबत नव्हे. अ‍ॅमेझॉनच्या ईसीटू सेवेत यंत्राचा प्रकार बदलायचा तर ते थांबवावे लागते. गुगलच्या क्लाऊडवरही तसेच. मायक्रोसॉफ्टच्या अझूरमध्ये आकार बदलला की यंत्र पुन्हा सुरू होते. तेथे ताकद वाढवायची ती यंत्रांची संख्या वाढवून, यंत्र मोठे करून नव्हे.

वाढवणे सोपे, काढणे अवघड

गर्दी ओसरल्यावर वाढवलेले प्रोसेसर परत घ्यावेत, असे साहजिकच वाटते. येथे आवणीचेच उदाहरण पुन्हा लागू पडते. ओळीतला माणूस मध्येच उठला, तर त्याची अर्धी ओळ दुसऱ्या कोणीतरी पुरी करावी लागते. प्रोसेसर काढताना त्याच्या हातातली सर्व कामे, त्याच्याकडे येणाऱ्या साधनांच्या हाका आणि त्याने लावलेले वेळेचे गजर इतरांकडे सोपवावे लागतात. लिनक्स हे करू शकते. एखादे काम ठराविक प्रोसेसरलाच बांधून ठेवलेले असेल, तर तेथेही घोळ होतो. विंडोजमध्ये चालू यंत्रातून प्रोसेसर काढण्याची सोय नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी रिवाज असा, की वाढवायचे चालू यंत्रात आणि कमी करायचे ते पुढच्या ठरलेल्या देखभालीच्या वेळी.

प्रोसेसर आला, पण कामाला कळले का?

ऑपरेटिंग सिस्टीमने नवा प्रोसेसर स्वीकारला, तरी तिच्यावर चालणारा कार्यक्रम तो वापरेलच असे नाही. अनेक कार्यक्रम सुरू होताना एकदाच प्रोसेसर मोजतात आणि त्या हिशेबाने आपले कामगार नेमतात. संकेतस्थळे चालवणाऱ्या 'एनजिनएक्स'ला कामगारांची संख्या 'आपोआप ठरव' असे सांगितले, तर तो ती सुरुवातीलाच ठरवतो. पुढे प्रोसेसर वाढले की त्याला आपली मांडणी पुन्हा वाचायला सांगावे लागते. जावावर चालणाऱ्या प्रणालींत स्मृती साफ करणाऱ्या धाग्यांची संख्याही सुरुवातीलाच ठरते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरने २००८ च्या आवृत्तीत चालू असताना प्रोसेसर स्वीकारण्याची सोय दिली. पण ती एंटरप्राइज आवृत्तीपुरती, आणि 'रीकॉन्फिगर' ही आज्ञा दिल्याशिवाय नवे प्रोसेसर वापरात येत नाहीत.

येथे पैशाचाही प्रश्न येतो. एसक्यूएल सर्व्हरचे परवाने २०१२ च्या आवृत्तीपासून कोअरच्या हिशेबाने मिळू लागले. चाराचे आठ प्रोसेसर करणे दोन मिनिटांचे काम असले, तरी परवान्याच्या हिशेबात ते दुप्पट होऊ शकते. तांत्रिक खोलीत घेतलेला निर्णय लेखापरीक्षणाच्या टेबलावर पोहोचतो तो असा.

उपाय केव्हा निरुपयोगी ठरतो?

'सर्व्हर डाऊन' हा एकच शब्द अनेक दुखण्यांना लावला जातो. प्रोसेसर कमी पडणे हे त्यांपैकी एकच.

१६ जुलै २०२१ रोजी दहावीचा निकाल लागला. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के होता, पण तो पाहण्यासाठी विद्यार्थ्यांना कित्येक तास थांबावे लागले, कारण निकालाची संकेतस्थळे कोलमडली होती. जुलै २०२४ मध्ये 'लाडकी बहीण' योजनेचे अर्ज सुरू झाले, तेव्हा अर्ज भरण्याची प्रणाली मंदावल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच योजनेसाठी ई-केवायसी बंधनकारक झाली, तेव्हा ओटीपी येत नसल्याची तक्रार होती.

या तिन्ही प्रसंगांतील गर्दीचे स्वरूप वेगवेगळे आहे. निकाल हे केवळ वाचायचे पान असते. तेच पान अनेक यंत्रांवर ठेवून गर्दी विभागता येते. एकच यंत्र मोठे करण्याची तेथे गरज नाही. अर्ज भरताना माहिती एका सामाईक डेटाबेसमध्ये लिहावी लागते, त्यामुळे शेवटी तो डेटाबेसच अडतो, आणि चालू यंत्रात प्रोसेसर वाढवण्याचा खरा उपयोग अशाच ठिकाणी होऊ शकतो. ओटीपीचा प्रवास तर आधारची पडताळणी आणि मोबाइल कंपनीचा संदेश अशा दोन बाहेरच्या दारांतून होतो. तेथे आपल्या सर्व्हरचे प्रोसेसर दहापट केले, तरी संदेश लवकर येत नाही.

प्रोसेसरच कमी पडत असला, तरी वाढीचा लाभ सरळ पटीत मिळत नाही. संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम येथे लागू होतो. कामाचा ८० टक्के भाग वाटून करता येतो आणि २० टक्के भाग एकामागून एकच करावा लागतो, असे धरू. चार प्रोसेसरवर ते काम एका प्रोसेसरच्या तुलनेत अडीच पट वेगाने होईल. आठ केले तर ३.३३ पट. सोळा केले तर चार पट. म्हणजे चाराचे सोळा करूनही वेग दुप्पट होत नाही. असंख्य प्रोसेसर दिले तरी तो पाच पटींच्या पुढे जाणार नाही.

कधी वाढ उलटतेही. खऱ्या यंत्रावर कोअर शिल्लक नसतील, तर नवे आभासी प्रोसेसर रांगेत उभे राहतात आणि शेजारच्या आभासी यंत्रांनाही मागे ढकलतात. लिनक्समध्ये हा ताटकळलेला वेळ 'स्टील' नावाच्या आकड्यात दिसतो; व्हीएमवेअरमध्ये त्याला 'रेडी' म्हणतात. वीस सेकंदांच्या मोजणीत एका प्रोसेसरचा 'रेडी' १००० मिलिसेकंद भरला, तर पाच टक्के वेळ तो काम हाती असूनही थांबला होता, असा त्याचा अर्थ. हा आकडा आधीच चढलेला असेल तर प्रोसेसर वाढवणे हा उपाय नव्हे. आधी ते यंत्र अधिक मोकळ्या पेटीवर हलवावे लागेल. व्हीएमवेअरने २००३ मध्ये आणलेल्या व्हीमोशनसारख्या तंत्राने तेही चालू अवस्थेत करता येते.

'हॉट अ‍ॅड'ची खूण सरसकट सर्व यंत्रांवर करून ठेवावी, असेही नाही. मोठ्या सर्व्हरमध्ये प्रत्येक प्रोसेसरजवळची स्मृती वेगाने मिळते, लांबची हळू. ही रचना आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमला कळली, तर ती काम जवळच्या स्मृतीत ठेवते. व्हीस्फिअरमध्ये हॉट अ‍ॅड सुरू केले की ही माहिती आतल्या यंत्रापासून झाकली जात असे. त्यावर पर्याय आला तो २०२२ च्या व्हीस्फिअर ८ मध्ये. लहान यंत्राला या झाकल्या माहितीचा फरक जाणवत नाही. मोठ्या डेटाबेसला वर्षभर थोडी-थोडी किंमत मोजावी लागते.

निर्णय आधीचा

चालू यंत्रात बदल करण्याचे ठरले, तर कामाचा क्रम साधारण असा असतो. अडलेली जागा प्रोसेसरच आहे ना, हे मोजून पाहणे. घातलेली एखादी मर्यादा शिल्लक असेल तर ती उठवणे. खऱ्या यंत्रावर किती कोअर मोकळे आहेत ते पाहणे. भारांक वाढवून काम भागते का, हे तपासणे. त्यानंतर संख्या टप्प्याटप्प्याने वाढवणे. चाराचे एकदम सोळा न करता आधी सहा किंवा आठ. प्रत्येक टप्प्यावर आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमने प्रोसेसर स्वीकारला का आणि कार्यक्रम तो वापरतो आहे का, हे पाहणे. शेवटी, कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद करणे. ही नोंद राहिली नाही, तर पुढच्या वेळी यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर जुनाच आकडा परत येतो आणि कोणाला कारण कळत नाही. केव्हीएममध्ये चालू यंत्रातील बदल आणि पुढच्या सुरुवातीसाठीची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही कराव्या लागतात.

यंत्र बंद करून पुन्हा सुरू करणे हा मार्ग वाईटच, असे नाही. रात्री दोन वाजता दहा मिनिटे सेवा थांबली, तर फारसे कोणाचे नुकसान होत नाही. दुपारी बारा वाजता त्याच दहा मिनिटांची किंमत वेगळी असते. अर्धवट भरलेले अर्ज जातात. कोणाचे शुल्क खात्यातून वळते झालेले असते, पण पावती निघालेली नसते. शिवाय यंत्र पुन्हा सुरू झाले की थांबलेले सारे लोक एकदम आत शिरतात, आणि ज्या लोंढ्यामुळे ते बंद केले त्याहून मोठा लोंढा त्याच्यावर येतो.

या साऱ्या तंत्रात एक गोष्ट समान आहे. गर्दीच्या दिवशी करायची कृती छोटी असते, पण ती शक्य व्हावी यासाठीचा निर्णय कित्येक महिने आधी घ्यावा लागतो. कमाल संख्येचा आकडा चार ठेवायचा की सोळा, हॉट अ‍ॅडची खूण करायची की नाही, परवाना किती कोअरचा घ्यायचा, हे यंत्र उभारतानाच ठरते. जूनमधल्या प्रवेशांची आणि विम्याच्या मुदतीची तारीख दरवर्षी आधीच ठाऊक असते. ती पाहून एखाद्या शांत रविवारी यंत्र बंद करून त्या दोन ओळी भरून ठेवल्या, तर मोखाड्याच्या केंद्रातील पडदा गर्दीतही हलत राहतो आणि शेवटची एसटी सुटण्याआधी दाखला हाती पडतो.

दृष्टिक्षेपात

• भारांक, कमाल मर्यादा : चारही प्रमुख प्रणालींत चालू यंत्रात बदलता येतात.

• प्रोसेसरची संख्या वाढवणे : व्हीएमवेअर, केव्हीएम, झेन आणि व्हर्च्युअलबॉक्समध्ये पूर्वतयारी असल्यास शक्य. हायपर-व्हीमध्ये विंडोज सर्व्हर २०२२ पर्यंत यंत्र बंद करावे लागते.

• प्रोसेसर कमी करणे : आत लिनक्स असल्यास काही प्रणालींत शक्य, विंडोजमध्ये नाही.

• सार्वजनिक क्लाऊड : अ‍ॅमेझॉन, गुगल, अझूर येथे यंत्राचा आकार बदलताना ते थांबते किंवा पुन्हा सुरू होते.

• आधी तपासावे : अडथळा प्रोसेसरचा आहे, की डेटाबेस, जोडणी किंवा ओटीपीचा.